रेफरीचा हात आणि माझं बटण

आधीच माफी मागतो. नववीतून शाळा सोडलेला माणूस मी, ऱ्हस्व-दीर्घ हातून चुकणार आणि भारी शब्द तर येतच नाहीत. पण परवा जी फजिती करून बसलो, ती सांगायला भारी शब्द कशाला लागतात?

पाळी गावात खनिजाच्या यार्डात मी काम करतो. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला हाताने खुणा करायच्या. हात वर केला की 'ये, मागे ये.' हात खाली आणला की 'थांब.' चार वर्षं हेच. तोंड उघडावं लागत नाही, म्हणून माझ्यासारख्या लाजऱ्या माणसाला नोकरी सोयीची.

आता बास्केटबॉलचं सांगतो. पगारी खेळाडूंच्या लीगमध्ये आमच्या डिचोलीच्या टीमची दक्षिण जिल्ह्यातल्या टीमशी सेमीफायनल होती. मये गावचा सुदेश, माझा मामेभाऊ, त्या टीमात. मी नुसता बघायला गेलो होतो, तर घड्याळावर बसणारा माणूस तापाने आलाच नाही. सुदेशने मला पुढे ढकललं. टेबलावर गुण लिहिणाऱ्या मॅडमनी समजावलं, रेफरीचा हात वर गेला की घड्याळ बंद, खाली आला की चालू. मी मनात म्हटलं, हाताच्या खुणा? हे तर माझंच काम!

मॅडम कोपराने ढोसत होत्या तोवर सगळं ठीक चाललं. शेवटची दोन मिनिटं उरली, आपण दोन गुणांनी मागे, लोक बाकांवर उभे. मॅडम आपल्या कागदात बुडाल्या आणि मी एकटा पडलो.

रेफरीने फाऊल दिला, हात वर केला. बॉल त्यांच्या काखेत, आणि वर फळ्यावर सेकंद आपले पळतायत! लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मलाही संताप आला. बोट माझं बटणावर होतं, तरी मला वाटलं, लीगवाले वरून कुठूनतरी घड्याळ चालवतायत. खरं सांगतो, असंच वाटलं. रेफरी दोनदा माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, बघा, वर डोळे दाखवतो!

हरलो. त्याच दोन गुणांनी.

रेफरी म्हणजे केस पिकलेले, दक्षिणेतल्या कुठल्याशा शाळेत पीटी शिकवणारे सर. मागच्या दाराने बाहेर पडले, तर कोणीतरी त्यांच्या स्कूटरची हवा सोडलेली. ते स्कूटर ढकलत निघाले. मी बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं.

तिथून सगळे आमच्या बाबलकाकांच्या हॉटेलात. काका सावंतवाडीकडचे, तीस वर्षं पाळीत पातळभाजी-पाव विकतायत. बास्केटबॉल त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला होता, पण निकाल त्यांचा तयार होता.

"ह्यो रेफरी विकलेलो असा. लीगाक दक्षिणेची टीम फायनलात व्हयी, थंय तिकिटा खपतत. लिवन घे."

लिहून कोण घेणार? अक्षर माझं बरं, म्हणून मीच. 'घड्याळात कोणीतरी हात घातला आहे. त्याचा शोध घ्यावा आणि रेफरीची शिटी कायमची काढून घ्यावी.' खाली पहिली सही माझी. मागोमाग अख्ख्या वाड्यावरच्या लोकांच्या. अर्जाचा फोटो लीगकडे गेला आणि रेफरीला दोन दिवसांनी सकाळी ऑफिसात हजर राहायला सांगितल्याचं कळलं. आम्ही चहा मागवला.

दुसऱ्या संध्याकाळी सुदेश पुरावा म्हणून मॅचचा व्हिडिओ घेऊन आला. तिघांची डोकी एका मोबाईलवर. रेफरीचा हात वर, घड्याळ पळतंय. "दिसला मा?" काका म्हणाले. मग रेफरीचा हात खाली आला, पोरं धावायला लागली, आणि घड्याळ थांबलं. कोपऱ्यात पिवळ्या शर्टातला एक माणूस अगदी मन लावून बटण दाबत होता.

पिवळा शर्ट मी अजून बदललेला नव्हता.

सुदेशने व्हिडिओ परत लावला. परत बघितला. मग हळूच विचारलं, "तू थंय ट्रक मागे घेय होतस काय रे?"

तो बोटांवर सेकंद मोजत बसला आणि त्याचा चेहरा आणखीच पडला. "आमका वेळ कमी नाय, जास्तच गावलो. आणि तरी आम्ही हरलो."

बॉल थांबलेला असताना पळालेलं घड्याळ सगळ्यांनी बघितलं होतं. बॉल पळत असताना थांबलेलं कोणी बघितलं नव्हतं. आपल्या फायद्याचं कोण बघतो?

काका म्हणाले, गप रव, कोणाक कळाचा नाय. पण मला सारखी ती ढकलत नेलेली स्कूटर दिसत होती. रात्री बसून नवीन अर्ज लिहिला. तक्रार करणारा मी, आणि तक्रारही माझ्यावरच.

सकाळी पहिल्या बसने पणजीला गेलो. लीगच्या ऑफिसात बाकावर रेफरी सर एकटेच बसलेले, शिटी हातात. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, दारात आल्यावर सगळं विसरलो. सरांनी मला बघितलं आणि झटकन हात वर केला.

मी सरळ आत गेलो. त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

सरांनी माझ्यामागे दारापर्यंत बघितलं. नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर यार्डाच्या लाल मातीची माझी पावलं उमटली होती. मग त्यांनी स्वतःच्या वर राहिलेल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अर्ज पुढे केला, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही.

"कळलें," ते म्हणाले. "घड्याळाचेर तूंच आशिल्लो."