काळी ट्रॅक्टर रस्त्यानेच आणते

माझं नाव शांताराम, पण माझ्या शांतपणाचा अनुभव आजवर कुणाला आलेला नाही. वाणगावजवळच्या रेल्वे फाटकावर मी गेटमन आहे. फाटक पडलं की मोटारसायकलवाला दांड्याखालून घुसायला बघतो, जीपवाला हॉर्नवरचा हात काढत नाही आणि मिरचीचा टेम्पोवाला माझ्या खानदानाचा उद्धार करतो. मीही कुणाचं उसनं ठेवत नाही.

२०१५ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी या गोंगाटात एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आणि त्याचं इंजिन बंद झालं. फाटकावर स्वतःहून इंजिन बंद करणारा ड्रायव्हर म्हणजे उंबराचं फूल, म्हणून मी वळून पाहिलं. वर एक बाई बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं, डोक्याला रुमाल, तोंडावर धुळीचा थर. मागे माती भुसभुशीत करणारा रोटर उचलून साखळीने बांधलेला आणि त्याला लाल फडकं. शेजारची दोन पोरं मोबाइल काढून तिचे फोटो घेत हसत होती. त्यांच्यासाठी फाटक अजून तासभर बंद ठेवावं असं फार वाटलं, पण नियमात बसत नव्हतं.

"कुठून येतेस गं ताई?" मी विचारलं.

"तलासरीवरून."

"एवढ्या लांबून? ट्रकवर घालून नाही आणला?"

"ट्रकवर घालायला तो काय आजारी हाय? त्याला चाकं हायेत की."

ही काळी बुजड. फाटकापलीकडे रुळाला लागून बुजडपाडा आहे, तिथली सून. पाड्यातल्या चार-पाच घरांचा मिळून तो एक ट्रॅक्टर होता आणि तो चालवायचा तिचा नवरा हाल्या. पण हाल्या खलाशी. दिवाळी झाली की इथले निम्मे पुरुष गुजरातच्या बोटींवर जातात ते उन्हाळा संपताना परततात. भाताला माणसं हजर असतात, पण भात कापून त्याच शेतात मिरची लावायची वेळ आली की पाड्यात उरतात म्हातारे आणि बाया. म्हणून हाल्यानेच बायकोला अंगणात ट्रॅक्टर शिकवला. तिने रीतसर लायसन्सही काढलं.

आणि मग तिचा सासरा चिमण आडवा आला. चिमण म्हणजे पाड्यातला सगळ्यात मोठा माणूस, त्याचा शब्द खाली पडत नाही. तो म्हणाला, नांगराला बाईचा हात लागला की पाऊस रुसतो. बैलाचा नांगर असो की ट्रॅक्टरचा रोटर, माती फाडणारं ते सगळं एकच. चार म्हातारे आंब्याखाली बसले, बराच वेळ तंबाखू मळली आणि निकाल दिला की काळीने शेतात ट्रॅक्टर घालायचा नाही. रस्त्यावर चालवला तर हरकत नाही, कारण डांबरात कोण नांगरतो? त्यांना वाटलं, बाईला गप्प बसवायला एवढं पुरे. रस्त्यावर अशी काय ती जाणार, दुकानापर्यंत?

ती थेट तलासरीला गेली. ट्रॅक्टर तिथे नविनभाईच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होऊन पडला होता आणि त्याला आणायला ट्रक काही मिळत नव्हता. तोवर पद्धत तशीच होती. ट्रॅक्टर लांब न्यायचा तर फळ्या लावून ट्रकवर चढवायचा, कारण हायवेवर ट्रॅक्टर घालायची कुणाची छाती होत नसे. काळी एसटीने तलासरीला उतरली, तेव्हा नविनभाई म्हणाला, "बेन, थोडी थांब ने, दोन दिवसांत ट्रक येऊन जाईल." ती म्हणाली, "दोन दिवसांत मी जाऊन परत येन."

मग ती हायवेला लागली. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात वळायला वेगवेगळे. रस्त्यावर ते कडीने जोडून घ्यावे लागतात, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर उलटतो. तिने कडी लावली, पुन्हा उतरून बघितली आणि डाव्या कडेने निघाली. कंटेनर बाजूने गेला की अख्खा ट्रॅक्टर थरथरायचा. धुंदलवाडीजवळ एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून तिला घरी जाऊन भाकरी थापायला सांगितलं. "थापूनच आलीय," ती ओरडली, पण तोवर ट्रक पुढे गेला होता. त्याने ते ऐकलं नाही याची चुटपुट तिला आजही आहे. महालक्ष्मीच्या देवळासमोर तिने बसल्या जागेवरून हात जोडले, चारोटीला वळली आणि दिवस मावळायच्या आत माझ्या फाटकावर हजर.

त्यानंतर तिचं नाव झालं. वरोरच्या बागायतदाराचा ट्रॅक्टर असो की तलासरीकडच्या कुणाचा, "ट्रक कशाला, काळीला सांग" असं लोक म्हणू लागले. ती ट्रॅक्टर घेऊन यायची, जायची, आणि फाटक बंद असलं की माझ्या खोलीसमोर बसून चहा प्यायची. खड्डा कुठे, उतार कुठे, कुठल्या वळणावर एसटी अंगावर येते, सगळं तिला पाठ झालं. फोटो काढणारी पोरं आता तिला बघून मोटारसायकल बाजूला घ्यायची.

पण एक गोष्ट मला फार टोचायची. एवढ्या लांबून ट्रॅक्टर सुखरूप आणणारी ही बाई शेताच्या बांधाशी आली की खाली उतरायची आणि किल्ली जो कोणी पुरुष उभा असेल त्याच्या हातात द्यायची. तो वेडावाकडा चालवायचा, बांध फोडायचा आणि ही कमरेवर हात ठेवून बघत राहायची. स्वतःच्या शेतातसुद्धा! मला ते माझ्या खोलीतून दिसायचं आणि माझं डोकं तापायचं.

"तुला राग येत नाही?" मी एकदा विचारलं.

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. "येतो ना दादा. रस्ता काय, सगळ्यांचा. माझा शेत मना माझ्या हाताने करायचा हाय. तेवढाच पायजे."

असं तीन वर्षं चाललं. २०१८ ला दिवाळीनंतर बोटींची बोलावणी एकदम आली. हाल्या गेला. तो नसताना शेतात ट्रॅक्टर चालवणारा प्रविणही या वेळी त्याच्याबरोबर गेला. मिरचीची रोपं वाफ्यात वीतभर झाली होती आणि भाताची खुंटं तशीच उभी होती. ट्रॅक्टर वरोरला कामावर होता. काळी तो सकाळी घेऊन आली, बांधाशी थांबवला आणि खाली उतरली. किल्ली हातात. घ्यायला कुणी नाही.

मी खोलीच्या बाहेर येऊन उभा राहिलो. गाडीला वेळ होता.

पाडा जमला होता. चिमण बांधावर बसून म्हणाला, "डहाणूवरून कोन मिलतो का बघू. थांबा."

"किती थांबायचा?" काळी म्हणाली. "रोपा पिवळी पडतील."

"पाऊस रुसेल त्याचा काय?"

तेव्हा काळीने सासऱ्याकडे पाठ केली आणि सासूकडे वळली. जमना तिची सासू, आणि पंचक्रोशीतली धवलेरी. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गाणं म्हणते, देवांना बोलावते, आणि तिने म्हटल्याशिवाय नवरानवरीचं लग्न लागत नाही. एवढी मोठी बाई, पण आंब्याखालच्या त्या बैठकीत तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारल्याशिवाय बोलायची तिची रीत नव्हती.

"आये," काळी म्हणाली, "देवाचा तुला कळतो. तू सांग. मी शेतात गेली तर चालेल का नाय?"

जमना सावकाश उठली. "कणसरी कोन हाय?" तिने नवऱ्याला विचारलं. "धान्याची देवी. बाई का बाप्या?"

"बाई," चिमण म्हणाला.

"शेतात कोन उभी रेते?"

"ती."

"मग?"

चिमणने तंबाखू थुंकली. हार मानणं त्याच्या जिवावर आलं होतं. "पन पाऊस रुसला मंजे?"

"अरे, आता पाऊस कशाला पायजे तुला?" जमना ओरडली. "मिरची कुजवायला? रुसू दे त्याला! होलीपर्यंत रुसू दे!"

सगळा पाडा हसला. चिमणने हसू दाबायला तोंडावर हात धरला, पण त्याचे खांदे हलत होते ते मला इथून दिसले. जमनाने घरातून हळद आणि तांदूळ आणले, रोटरला लावले, दोन ओळी गायल्या आणि सुनेला म्हणाली, "जा."

काळी वर चढली. वाकून तिने ब्रेकची कडी सोडली, बांधावरून पुढची चाकं अलगद शेतात उतरवली आणि रोटर खाली सोडला. खुंटं उडाली, माती वर आली. ती सरळ गेली, टोकाला एका चाकावर गर्रकन वळली आणि तशीच सरळ परत आली. बायका ओरडत होत्या. मीही ओरडलो, रेल्वेचा गणवेश अंगात असून ओरडलो, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. दुपारपर्यंत तिचं शेत झालं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. त्या वर्षी बुजडपाड्याची मिरची वाणगावच्या बाजारात सगळ्यांच्या आधी आली.

तरी मनात एक शंका होतीच. अडला हरी म्हणतात तसं तर झालं नव्हतं ना? पुरुष परत आले, पावसाळ्याचं काम आलं, की पुन्हा हिला बांधावर उभी करतील. चिमणचा काय भरवसा?

२०१९ चा जुलै आला. शेतात गुडघाभर पाणी साठलं, भातलावणीआधीची चिखलणी सुरू झाली. हाल्या बोटीवरून आला होता, प्रविण आला होता, सगळे बाप्ये घरी होते. ट्रॅक्टर बांधाशी उभा होता आणि हाल्या सवयीने वर चढून बसला. चिमण घोंगडी पांघरून समोर उभा होता. त्याने काठी उचलून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आपटली.

"खाली उतर," तो मुलाला म्हणाला. "तू बोटीवरचा मानूस. बांध फोडशील. काळीला बोलाव."