ड्रॅगनच्या तोडीची जोड

जगात कोणाची गाठ कोणाशी घालावी हे अचूक कळणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो म्हणजे आमचे मामेसासरे. बाकीचे नुसते अंदाज बांधतात. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, पण नाव झालं ते जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच म्हणून. निरवांगीपासून पार बारामतीपर्यंत कुठल्याही फडात पैलवानांची जोड लावायची असली की मामांना बोलावणं. मनगट चाचपायचं, मानेवर एक थाप मारायची, मोडलेल्या कानाकडं बघायचं आणि गर्दीतून नेमका त्याच्या तोडीचा गडी उचलायचा. ही सवय फडापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. माझ्या लग्नात मी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वाद द्यायच्या आधी यांनी माझं मनगट धरलं आणि भरल्या मांडवात सासऱ्यांना सांगितलं, "जोड चांगली हाय, पर पोरगी जरा भारी पडंल." पडली, तो भाग वेगळा. मला टायफॉईड झाला तेव्हा भेटायला आले आणि उशाची गोळी हातावर तोलून म्हणाले की तापाच्या मानानं ही वजनाला कमी पडतीय. डॉक्टर शेजारीच उभे होते.

असा माणूस राक्षसांच्या आणि जादूगारांच्या नादाला लागला तो मुलामुळं. त्यांचा एकुलता एक मुलगा लॉकडाऊनमध्ये निरवांगीच्या घरी राहून नोकरी करत होता, आणि तो व कारखान्याच्या कॉलनीत त्याच्याबरोबर वाढलेले चार दोस्त रविवारी जमून एक खेळ खेळायचे. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, कोणी तलवारबाज, कोणी जादूगार. एकानं मात्र समोर बसून गोष्ट सांगायची, वाटेत राक्षस उभे करायचे आणि राक्षसांच्या बाजूनं लढायचं. वार लागला की हुकला हे वीस तोंडांचा फासा ठरवणार; वीस पडले की वार बसलाच. पुढं गोष्ट सांगणाऱ्याचं लग्न झालं आणि त्याचे रविवार संपले. खेळ आता मोडणार म्हणून पोरं तोंड पाडून बसली, तेव्हा कॉटवर पडून सगळं ऐकणारे मामा उठले आणि म्हणाले की मी बसतो की, पंचच पायजे न्हवं?

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मामांनी चांगला ताडमाड राक्षस उभा केला, त्याला तांबड्या मातीत हात घोळायला लावले, सलामी द्यायला लावली आणि समोर एक वीर येण्याची वाट बघत बसले. तर चौघंही एकदम तुटून पडले. कोणी पुढून बाण मारतोय, कोणी मागून आग टाकतोय. मामांनी टेबलावर हात आपटून लढाई थांबवली. "एकावर चौघं? ही कुस्ती न्हाय, ही भाऊबंदकी झाली." या खेळात हे चालतं, हे पटवायला मुलाला अर्धी सकाळ लागली, आणि त्यानंतर राक्षस चहा निवायच्या आत मेला. मामा आठवडाभर अस्वस्थ होते. मग त्यांना उमगलं की राक्षस कितीही आडदांड असला तरी त्याचा एक वार होईतो तो चार वार खाणार. त्याला नुसता खुराक वाढवून भागायचं नाही, साथीदार द्यायला हवेत. पुढच्या रविवारी त्यांनी राक्षसाच्या दोन्ही बाजूंना दोन लांडगे आणि मागं एक तिरंदाज उभा केला, आणि पोरं घाम पुसत कशीबशी जिंकली. तिथून पुढं त्यांची एकही जोड चुकली नाही.

मग मुलगा कॅनडाला गेला. दोस्त पुण्याला, बंगळुरूला पांगले. मामी तर त्याआधीच वारल्या होत्या. घरात राहिले मामा आणि एक लॅपटॉप. आपल्याकडं रविवारची सकाळ झाली की पडद्यावर चार चौकटी उघडायच्या आणि खेळ सुरू व्हायचा. आदल्या दिवशी मामा जेवणाच्या टेबलावर लढाई एकटेच लढून बघायचे. चार शेंगा म्हणजे चार वीर, अडकित्ता म्हणजे ड्रॅगन. दोन्हीकडून मामाच फासे टाकायचे, तेच चिडायचे, तेच समजूत घालायचे. एकदा मी अचानक गेलो, तर शेंगांना ओरडत होते. मी हसलो. ते हसले नाहीत.

"पाव्हणं, लई सोपं दिलं तर पोरं कंटाळत्यात. लई अवघड दिलं तर त्यांचं गडी मरत्यात. कसंबी झालं तरी माझा रविवार जातो."

मी एक वीर सोलून खाल्ला.

शेवटच्या लढाईला मी शेजारीच बसलो होतो. मुलानं आधीच सांगितलं होतं की आबा, हा ड्रॅगन मारला की थांबू या, कोणाला लेकरू झालंय, कोणाला नवी नोकरी लागलीय. ड्रॅगनच्या अंगात किती जीव उरलाय हे फक्त मामांना माहीत असतं. मुलाच्या तलवारीचा वार लागला आणि चौघंही मामांकडं बघू लागले. अजून जीव आहे, ड्रॅगन डोंगरापल्याड उडून गेला, एवढं मामा म्हणाले असते तर पुढचे कित्येक रविवार हातात होते. मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"चितपट," ते म्हणाले.

चार चौकटींत चार पोरं नाचली. मग एकेक चौकट विझत गेली. मी रागावलोच होतो. म्हटलं, मामा, काय बिघडलं असतं?

"पाठ टेकली व्हती. डोळ्यांनी बघितल्यालं न्हाय म्हनू व्हय?"

मुलाचा फोन अजून येतो. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, आणि मग ठेवू का. वाईट वाटतं, पण त्याचीही काही चूक नाही. म्हणून मी आता एमआयडीसीतल्या डेअरीच्या नोकरीतून सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढतो आणि निरवांगीला जातो. मामांनी मला तलवारबाज केलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुठल्या दाराला हात लावू नये हेसुद्धा मला हात लावल्यावर कळतं. गेल्या रविवारी भुयारात एका यःकश्चित पिशाच्चानं मला कोपऱ्यात गाठलं. माझ्या वीराच्या अंगात आता नखाएवढाच जीव होता. मामांनी पिशाच्चाच्या वतीनं फासा टाकला. तो घरंगळत माझ्यासमोर येऊन थांबला. वीस.

मामांनी त्यावर पंजा ठेवला.

"हुकला," ते म्हणाले. "वाचलात, पाव्हणं."

मी आकडा बघितला होता, आणि मी बघितला हे त्यांनीही बघितलं होतं. बाहेर उसाला पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"पुढच्या रविवारी येताय न्हवं?" त्यांनी हात न उचलता विचारलं.

येतो, म्हणालो.