हिवाळेबाईंचा अबोला

मानसरोवरच्या भाड्याच्या घरात आम्ही खाली आणि वर हिवाळे. जयपुरात मराठी माणूस भेटला की मला निम्मं माहेर भेटल्याचा आनंद होतो, पण हिवाळेबाईंशी माझं पहिल्याच महिन्यात वाजलं. कारण पाण्याची मोटर. त्या ती सकाळी चालू करून विसरायच्या, टाकी भरून वाहायची आणि धार बरोबर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी काही मनात ठेवणारी बाई नव्हे. जिन्यात उभं राहून जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग कडकडीत अबोला. डिसेंबरातल्या एका रविवारी दार वाजलं, तर समोर हिवाळेबाई. केस चापूनचोपून बसवलेले, चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. म्हणाल्या, "मंजुषाताई, माझं फार चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण बोलायला लागू या. त्याशिवाय मला करंज्या तळता येत नाहीत."

मला वाटलं, बाई जरा सटकलेली आहे. मग चहा घेताना त्यांनी नीट सांगितलं. त्या नगरकडच्या ख्रिस्ती. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ, वाट बघण्याचे दिवस. त्यांच्या सासूबाईंनी घरात एक नियम घालून दिला होता. या दिवसांत ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारी आपण होऊन जायचं, चूक कुणाची का असेना. तोवर फराळाची कढई चढवायची नाही. मी म्हटलं, आमच्याकडे असा नियम केला तर दिवाळीला चिवडासुद्धा होणार नाही. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

मधुमती त्यांचं नाव. एका शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. त्यांचे पती राजनभाऊ पंपांच्या कारखान्यात फोरमन होते. मूलबाळ नव्हतं. भाऊ कामावरून सुटले की सांगानेरच्या पलीकडे, कापडावर ठसे मारणाऱ्या कामगारांच्या वस्तीत जायचे आणि तिथल्या मुलांना गणित शिकवायचे. फुकट. थंडीत मुलं कुडकुडतात म्हणून चर्चमधून गोळा केलेल्या जुन्या रजया त्यांनी एकदा वाटल्या. तेवढंच निमित्त झालं.

दोन हजार सहाची दिवाळी झाली आणि पोलीस येऊन राजनभाऊंना घेऊन गेले. आरोप असा की ते रजया देऊन लोकांना बाटवतात, धमकावतात. तक्रार होती द्वारका नावाच्या रंगाऱ्याची. याच द्वारकाच्या दोन मुली भाऊंकडे शिकत होत्या. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की त्याला बाटवाबाटवीची ओरड करणाऱ्या चौघांनी घरातून उचलून नेलं होतं आणि तक्रारीवर अंगठा लावायला लावला होता. ठाऊक सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं. पहिला जामीन फेटाळला गेला. शाळेने हिवाळेबाईंना सांगितलं, वातावरण निवळेपर्यंत घरीच थांबा. आमच्याच गल्लीतल्या बायका, ज्यांची पोलकी बाईंनी वर्षानुवर्षं शिवून दिली, त्या आता त्यांना बघून रस्त्याची दुसरी बाजू धरायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाई मात्र दर भेटीच्या दिवशी जेलवर जायच्या, येऊन जिन्यावर बसायच्या, आणि मी आत बोलावेपर्यंत त्यांच्या लक्षातच यायचं नाही की आपण बसलो आहोत.

आगमनकाळ लागला. त्यांनी खिडकीत पहिल्या रविवारची मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मला सांगानेरला सोडाल का स्कूटीवरून? द्वारकाकडे जायचंय."

मी उडालेच. "कशाला? करंज्या अडल्यात?"

"अबोला आहे ना."

"बाई, हा मोटरचा अबोला नाहीये! त्याने तुमचा नवरा आत घातलाय!"

"म्हणून तर कुणाकडे जायचं ते शोधावं लागलं नाही," त्या म्हणाल्या.

मी भाऊंच्या वकिलांना फोन केला तर ते माझ्यापेक्षा जोरात ओरडले. फिर्यादीच्या घरी आरोपीची बायको गेली, म्हणजे साक्षीदारावर दबाव. उद्या सरकारी वकील तेच कोर्टात सांगेल, आणि जामीन कायमचा गेला समजा. मी फोन हिवाळेबाईंच्या कानाला लावून दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाल्या आणि फोन ठेवून चपला घातल्या. राग मला त्यांचाही आला होता. पण चालत निघाल्या असत्या, म्हणून स्कूटी काढली.

वस्तीत शिरलो तसे चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. द्वारकाच्या दारात त्याची बायको होती, आम्हाला बघून तिने पदर तोंडावर ओढला. मागून तो आला. काटकुळा माणूस, कोपरापर्यंत हात निळीने माखलेले. हिवाळेबाईंना ओळखलं आणि जागीच थिजला.

बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "भैया, मैं केस की बात करने नहीं आई. हमारे यहाँ बड़े दिन, क्रिसमस से पहले बोलना बंद नहीं रखते. मुझे आप पर बहुत गुस्सा है. वो गया नहीं. लेकिन आपसे बोलना बंद नहीं करूँगी. बस, इतना ही."

द्वारका हात मागे लपवून जमिनीकडे बघत राहिला. मग त्याच्या बायकोने दार लावून घेतलं.

परत येताना मागच्या सीटवर बाई रडत होत्या, ते मला पाठीवर कळत होतं. "माफ केलंत त्याला?" मी विचारलं. "नाही हो," त्या म्हणाल्या, "जमतच नाहीये. नुसतं दारापर्यंत जाता आलं." मला त्या क्षणी त्यांच्या देवाचा, माझ्या देवाचा, सगळ्यांचाच संताप आला. एवढं करून पदरात काय पडलं, तर बंद दार. जामिनाच्या दुसऱ्या अर्जाची तारीख नाताळच्या तोंडावर होती. त्यानंतर कोर्टाला सुट्ट्या लागणार होत्या. म्हणजे भाऊ घरी येणार की नाही, ते त्या एका दिवसावर होतं.

त्या दिवशी आम्ही कोर्टात लवकर पोहोचलो. धुकं होतं, वकील लोक शेकोटीपाशी उभे होते. आणि फाटकाशी द्वारका होता. धुतलेला सदरा, कानाला मफलर, एकटाच. त्याने वकिलांना गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. "म्हारे से अंगूठो लगवायो, साब. मास्टरजी ने कदी कुछ कोनी कियो. जज साब के सामने बोल दूँगो." माझ्याकडून अंगठा लावून घेतला, मास्तरांनी कधी काही केलं नाही, न्यायाधीशांसमोर सांगतो. हिवाळेबाईंनी भिंतीचा आधार घेतला. मी त्यांचा हात धरला.

दुपारी शिपाई बाहेर येऊन सांगून गेला की जजसाहेब रजेवर आहेत. पुढची तारीख जानेवारीत.

इतकंच. कुणी ओरडलं नाही, कुणी काही फेकलं नाही. मला मात्र ते कोर्ट पेटवून द्यावंसं वाटलं. वकील हळूच म्हणाले, "जानेवारीपर्यंत हा टिकेल का? आज इथे आला हे आतापर्यंत वस्तीत कळलंही असेल." राजनभाऊंचा तो नाताळ जेलमध्येच जाणार होता.

कैद्यांची गाडी कोर्टाच्या मागच्या आवारात उभी होती. हवालदार भला माणूस, त्याने तोंड वळवलं. जाळीमागे राजनभाऊ. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. मला वाटलं, बाई आता कोसळतील. त्यांनी जाळीला बोटं लावली आणि म्हणाल्या, "साहेब नाहीत आज. जानेवारीत बघू. पण अहो, द्वारका आलाय. खरं सांगायला आलाय."

भाऊ बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यांनी जाळीवर कपाळ टेकलं. ते रडताहेत की हसताहेत, तेही समजेना. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी घाईघाईने विचारलं, "एकटाच आलाय?"

"हो."

"मग परत जाताना त्याला एकटं सोडू नका."

गाडी गेली. हिवाळेबाईंनी डोळे पुसले, फाटकाशी गेल्या आणि म्हणाल्या, "चलिए भैया, घर चलते हैं." तो नको नको म्हणत होता. आम्ही रिक्षा केली आणि त्याला मध्ये बसवलं. वस्तीच्या तोंडाशी चार माणसं हातात हॉकीच्या काठ्या घेऊन उभी होती. रिक्षावाला म्हणाला, मैं आगे नहीं जाऊँगा. द्वारकाचा चेहरा पांढराफटक पडला.

हिवाळेबाई आधी उतरल्या. त्यांच्यामागून मी. मग आम्ही दोघींनी त्याला मध्ये घेतलं आणि त्याच्या दाराकडे चालू लागलो.