मधलं नाव

अपर्णा थत्ते पहिल्यापासून तापट. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. उतारवयात हौसेनं जपानी शिकल्या आणि गोडादऱ्याच्या वस्तीत कापडाच्या लूमवर राबणाऱ्या कामगारांच्या मुलांना ती फुकट शिकवू लागल्या.

त्या दिवशी मुलांना स्वतःची ओळख करून द्यायची होती. "हाजिमेमाशिते" म्हणत वाकायचं, मग आडनाव, मग नाव, शेवटी "देस", म्हणजे "आहे". बस्स. दहा वर्षांची मंजिरी उभी राहिली, नीट वाकली आणि म्हणाली, "ढोके श्रीरंग मंजिरी देस."

"जपानीत वडिलांचं नाव लावत नाहीत," बाईंनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा श्रीरंग आलाच. वर्ग फिदीफिदी हसायला लागला तशा बाई भडकल्या. तिची वही ओढून त्यांनी श्रीरंगवर लाल रेघ मारली, वही परत तिच्या हातात कोंबली. "आता म्हण!"

मंजिरीनं म्हटलं, अगदी बिनचूक. मग वही छातीशी धरून हळूच म्हणाली, "मॅडम, शेठनंही बाबांचं नाव असंच काढलं."

"कुठून काढलं?"

"दिवाळीआधी लूमच्या कारखान्याला आग लागली ना, त्यात बाबा गेले. पोलीस आले तेव्हा शेठनं हजेरीचं रजिस्टर दाखवलं. म्हणे, या नावाचा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता."

वर्गात कुणी हसेना. बाईंनी वहीसाठी हात पुढे केला.

मंजिरीनं ती दिली नाही.