काकूंचा घोर

शेजारच्या कमलकाकूंना झोप लागेना, म्हणून काल मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "टेन्शन आहे का?"

काकू म्हणाल्या, "मुलगा बोटीवर असतो. पंधरा दिवस झाले, फोन नाही. जिवाला घोर लागलाय गं."

मुलीने लिहिलं, 'टेन्शन : हो.'

माझं डोकंच फिरलं. परीक्षेआधीची धाकधूक म्हणजे टेन्शन, पाहुणे यायच्या वेळी दूध नासलं तरी टेन्शन, आणि आईच्या आतड्याला पडलेला हा पीळही टेन्शनच? लेक सासरी गेल्यावरची हुरहूर, रिपोर्ट हातात येईपर्यंतची धास्ती, सगळं आपण एकाच डब्यात कोंबून टाकलंय. मीही त्यातलीच. सकाळी नळाला पाणी नव्हतं, तेव्हा माझ्याही तोंडात हाच शब्द होता.

आत डॉक्टरांनी फॉर्मवर नजर टाकली आणि मान वर न करताच म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, आजी." जणू काकूंनी ते बाजारातून पिशवीत घालून आणलं होतं!

"बरं, नाही घेत," काकू म्हणाल्या. "मग येईल का त्याचा फोन?"