स्कॉटलंडचे पंच, करावे गावची ओहोटी

आमच्या ग्रुपचे किस्से मी सहसा बाहेर सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाहीत. पण दर शनिवारी एक नवा घडतो आणि जुन्याच्या उरावर येऊन बसतो. आता डोक्यात जागा उरली नाही, म्हणून सांगून टाकतो.

सीवूड्सला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही शनिवारी चार वाजता जमतो आणि स्कॉटलंडमधल्या चर्चचे चारेकशे वर्षांपूर्वीचे कागद वाचतो. हो, नवी मुंबईत! साठे सर इतिहासाचे रिटायर्ड प्रोफेसर, त्यांना या विषयाचं वेड. रोहिणी भोईर करावे गावची, ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. तिसरा मी, कदम. द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरचे कागद तपासण्यात माझी नोकरी गेली. सर म्हणाले, ट्रक ड्रायव्हरांचं अक्षर ज्याला लागतं त्याला काहीही लागेल. या स्तुतीला मी फसलो.

*

मला पहिल्यांदा एकच ओळ वाचायला मिळाली. त्या काळातलं अक्षर म्हणजे छळ. सी आपल्याला आर वाटतो, आणि एच शेपूट सोडून खालच्या ओळीत घुसतो. तीन शनिवार मी भिंग घेऊन त्या ओळीशी झटलो. आता राणीचा खून नाहीतर गाडलेला खजिना बाहेर पडणार, असं मला वाटायला लागलं होतं. बायको म्हणाली की एवढा अभ्यास तरुणपणी केला असता तर कलेक्टर झाला असता.

तिसऱ्या शनिवारी ओळ लागली. 'पंच जमले नाहीत, सभा तहकूब.'

सरांनी उभं राहून माझा हात हातात घेतला. मी सगळ्यांना समोसे दिले. अजूनही ती ओळ मला तोंडपाठ आहे.

*

घोरपडे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, मूळचे साताऱ्याचे. एकदा ऑफिसला कुलूप लावायला आले आणि कागद बघून चौकशी करू लागले. सरांनी समजावलं. पोपची सत्ता झुगारल्यावर तिथे गावोगावच्या चर्चमध्ये पंच बसले. कोण शेजाऱ्याशी भांडला, कोण पिऊन पडला, कोणी रविवारची प्रार्थना सोडून काम केलं, सगळ्याची नोंद व्हायची. जो दोषी ठरेल त्याला भर प्रार्थनेत सगळ्यांसमोर स्टुलावर बसवायचे.

घोरपडे खुर्ची ओढून बसलेच. "अहो, हे तर आपल्या सोसायटीचे मिनिट्स आहेत!"

पुढच्या मीटिंगला त्यांनी ठराव आणला, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला स्टुलावर बसवायचं. पास झाला. फक्त स्टूल ठेवलं नेमकं हॉलमधल्या एकुलत्या एक चालू पंख्याखाली. मे महिना होता. दुसऱ्या दिवसापासून पाच जण आपणहून गुन्हा कबूल करायला लागले.

*

आता रोहिणीचं. तिच्या थिसिसमध्ये एक कोळी आहे, तिकडचा, खाडीकाठचा. रविवारी मासे धरले म्हणून पंच त्याला पुन्हापुन्हा बोलावतात. तो दर वेळी एकच सांगतो, मी मासे धरायला नव्हतो गेलो, जाळं बघायला गेलो होतो. पंचांनी त्याला खोटं ठरवलं, पुढच्या अभ्यासकांनीही ठरवलं. रोहिणीनं लिहिलं, तो खरं बोलत होता.

थिसिस तपासायला तिकडच्याच एक मोठ्या प्रोफेसर बाई होत्या. त्यांनी कळवलं की अख्खं प्रकरण एका माणसाच्या शब्दावर उभं आहे, व्हायवापर्यंत पुरावा द्या नाहीतर प्रकरण काढा. काढायचं तर उरलेलंही कोसळणार होतं. पाच वर्षं कॉलेज, घर सांभाळून पोरीनं हे केलेलं. त्या शनिवारी ती एक अक्षर न वाचता बसून राहिली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या कोळ्याला बोलावलं त्या रविवारांच्या तारखांची यादी घेऊन ती घरी गेली. तिचे वडील दामूबाबा. जन्म करावेच्या खाडीत जाळी लावण्यात गेला. त्यांनी यादी वाचून घेतली आणि विचारलं, हे एक आड एक रविवार कशाला?

मग तेच म्हणाले, "खुंटाचं जालं हाय त्याचं, खाडीत खुंट मारून बांधलेलं. शनिवारी लावलं का रविवारी ओहोटीला सोडवायलाच लागतं. नाय सोडवलं तर मासा सडतो नि जालं फाटतं. खरं बोलतोय तो."

आणि एक आड एक का, तर उधाण येतं अमावस्या-पुनवेला, पंधरवड्यानं. उधाणाची ओहोटी दर वेळी त्याच सुमाराला लागते. त्या गावात ती नेमकी प्रार्थनेच्या वेळी लागत असणार. मधल्या रविवारी ओहोटीची वेळ वेगळी, म्हणून तेव्हा हा पठ्ठ्या चर्चमध्ये हजर!

*

पुढच्या शनिवारी आम्ही कॉम्प्युटरवर त्या रविवारांच्या अमावस्या-पुनवा काढल्या. एकही जुळेना. रोहिणीनं लॅपटॉप मिटला.

घोरपडे सहीचा शिक्का शोधत होते. त्यांनी सहज विचारलं, "सर, तेव्हा हेच कॅलेंडर होतं का?"

साठे सरांनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हाचं कॅलेंडर वेगळं, आपल्यापेक्षा दहा दिवस मागे. हे त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलेलं! दहा दिवस सरकवले, आणि एकूणएक रविवार अमावस्या-पुनवेच्या आसपास येऊन बसला. सरांनी घोरपडेंना मिठी मारली. घोरपडेंनी त्याची मिनिट्समध्ये नोंद केली.

*

व्हायवा सगळ्यांना खुला होता. आम्ही कडक इस्त्री करून गेलो. बाई तिकडून पडद्यावर होत्या. रोहिणीनं तारखा मांडल्या, ओहोटीचं गणित मांडलं. बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं की जाळ्याबद्दलच्या या माहितीला तळटीप दिसत नाही, आधार काय?

रोहिणी म्हणाली, "तळटीप तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझे वडील."

दामूबाबा उभे राहिले. बाईंनी त्यांनाच प्रश्न केला, रोहिणीनं तो मराठीत सांगितला. पंचांनी त्या माणसाला स्टुलावर बसवलं, ते तुम्हाला योग्य वाटतं का?

दामूबाबांनी उलट विचारलं, "तो मासा खाल्ला कोनी? पंचांनी खाल्ला असंल तर त्यांनाबी बसवा."

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरची एका जुन्या कागदाची प्रत उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. कागद शेजारच्या गावच्या चर्चमधला, रोहिणीला कधी न मिळालेला. त्यात त्या कोळ्याकडून रविवारी मासे घेतले म्हणून एका पंचाला स्टुलावर बसवल्याची नोंद होती.

रोहिणीनं ते वडिलांना सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. ते सरळ पडद्याकडे बघून म्हणाले, "मंग पोरगी पास झाली ना?"

भाषांतर करायचं सोडून रोहिणीनं वडिलांना खाली बसायची खूण केली. साठे सर भाषांतराला उठायला लागले, पण त्याआधीच बाईंनी मान डोलावली.