साडूंना पाणी मानवलं नाही

स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर घालून औषध घेणारा इसम त्रिभुवनात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आता आमचे हे साडू भित्रे किंवा घुमे होते म्हणावं, तर तसंही नाही. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावात हायस्कूलच्या हेडक्लार्कच्या खुर्चीत त्यांनी जन्म काढला. त्यांना विचारल्याशिवाय तिथं कुणाच्या घरची सोयरीक ठरत नसे की म्हैस विकली जात नसे. सकाळी दूध आणायला निघालेला हा गृहस्थ दुपारच्या जेवणाला परत येई, कारण वाटेतला प्रत्येक ओटा म्हणजे त्यांचा हक्काचा थांबा. असा माणूस निवृत्त झाला आणि मुलानं आईवडिलांना वसईजवळ नायगाव पूर्वेला, जूचंद्र गावाच्या वाटेवर घेतलेल्या ब्लॉकमध्ये आणून ठेवलं. भाताच्या खाचरांत भराव पडून तिकडे इमारती उठत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी वसईत आधीपासून राहत होतो, म्हणून साडूंना 'ओळखीचं माणूस' असा मी एकटाच.

मेहुणीबाई आठवड्यात रुळल्या. भिशी म्हणू नका, हळदीकुंकू म्हणू नका, त्यांना वेळ पुरेना. साडूंनी मात्र गावची रीत जिन्यात सुरू केली. रोज सकाळी ते दाराबाहेर उभे राहत आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय, लांब निघालात?" निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकलं की त्याचं काम होत नाही, म्हणून 'लांब'. परक्याच्या कामाचीसुद्धा ते एवढी काळजी घेत. पण डबा काखेत मारून धावत सुटलेल्या मंडळींना त्याचं काय! "लेट होतंय, अंकल," एवढंच उत्तर मिळे. शेवटी कुणीतरी तक्रार केली की तिसऱ्या मजल्यावरचे अंकल चौकशा फार करतात. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन मुलाला दारातच, अगदी गोड शब्दांत सांगून गेले. साडू आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर उभं राहणं सोडून पाण्याला नावं ठेवायला सुरुवात केली.

पाण्यामुळं डाळ शिजत नाही, पाण्यामुळं चहाला चव नाही, इथपर्यंत ठीक होतं. टँकरचं पाणी, कोण त्याची बाजू घेणार? पण पुढं पुढं पाण्यामुळं झोप येईना, पाण्यामुळं छातीत धडधडू लागलं, पाण्यामुळं पेपरातली एक ओळ वाचून दुसरीवर जाववेना. "जड आहे हो इथलं पाणी, मानवत नाही," असं त्यांनी खाली भाजी विकणाऱ्या जूचंद्रच्या बाईलाही ऐकवलं. ती म्हणाली, "आजोबा, आमी तं जल्मापासून हितलंच पानी पितो. आमाला काय झालं?" साडूंनी तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं. गावाहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांचा निरोप जाऊ लागला: पेढे नकोत, चटणी नको, पाणी आणा. कृष्णेच्या पाण्याचे कॅन एसटीतून हिंदकळत येत, आणि अर्धं पाणी पाहुण्याच्या धोतराला पाजून उरलेलं साडूंच्या फ्रिजशेजारी विसावत असे. महिनाभर ते दुसऱ्या पाण्याला शिवले नाहीत.

आणि एका सकाळी ते माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात. "साडूभाऊ," ते म्हणाले, "पाणी गावचंच होतं हो. तरी झोप नाही. आता कुणाला नाव ठेवू?" मुलगा कर्ज काढून घर देतो, बायको खुशीत आहे, नळाखाली बसून अंघोळ होते, आणि आपण वेड्यासारखे झुरतो, याची त्यांना इतकी लाज वाटत होती की माझ्या नजरेला नजर देईनात.

आमच्या डॉक्टरांनी स्टेशनजवळच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. साडू तयार झाले, पण एका अटीवर. नाव माझं सांगायचं. "तुम्ही इथले जुने. तुम्हाला सगळे ओळखतात, तुम्हाला कोण वेडं म्हणणार? मी नवा माणूस. माझी इथं हीच पहिली ओळख व्हायची." मी निमूटपणे पेशंट झालो.

बाईंनी मला विचारलं, झोप कशी लागते? साडू म्हणाले, "लागतच नाही यांना." जेवण? "घास तोंडात फिरतो यांच्या." मी नुसता मान हलवत होतो. मग बाईंनी विचारलं, "रडू येतं का?" मला हसूच आलं. मी 'छे छे' म्हणणार, तोच खाली मान घालून साडू म्हणाले, "येतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. पण टँकरचं पाणी, फार वेळ सोडता येत नाही."

माझं हसू जागच्या जागी विरलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे वळून सावकाश बोलल्या, "यांना सांगा, जागा बदलली की पुष्कळांना असं होतं. औषधानं बरं वाटेल. यात लाजण्यासारखं काही नाही." साडूंनी मला दटावलं, "ऐकलंत ना? लाजायचं नाही!"

सांगायला सोपं होतं ते. बाहेरच्या बाकावर मी पेपर तोंडासमोर धरून बसत असे. तरी कुणीतरी पाहिलंच, आणि आमच्या गल्लीत वाणी माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसा हळू बोलू लागला, ओळखीचे लोक 'टेन्शन घेऊ नका' म्हणून खांद्यावर हात ठेवू लागले. मेल्याहून मेल्यासारखं होई. उसन्या दुखण्याची मला एवढी लाज वाटत होती. ज्याचं ते खरं होतं, तो माणूस रोज कसा वावरत असेल, हे मला त्या बाकावर कळलं.

गोळ्यांनी साडूंना जरा झोप लागू लागली होती. तिसऱ्या खेपेला आम्ही बसलो होतो आणि दार ढकलून आत आले ते त्यांच्या सोसायटीचे तेच सेक्रेटरी. आम्हाला पाहताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मिसेससाठी आलोय," ते घाईघाईनं म्हणाले. बरोबर मिसेस नव्हत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

मी सवयीनं तोंड उघडलं. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मी आलोय. मला करमत नाही इथं." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण ते बाकावर थोडे सरकले आणि त्यांनी सेक्रेटरींना जागा करून दिली.

सेक्रेटरी आधी दाराकडे वळले. मग बसले. जमिनीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "मलापण नाही करमत, काका. गाव सोडून दहा वर्षं झाली."